कळीचा चुना

अण्णा, माझे वडील, परिषदेच्या चहाच्या वेळी डॉक्टर हिर्लेकरांच्या पाया पडायला वाकले तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते. हात पुढं केला असता तर त्यांना धरता आलं असतं. मी केला नाही.

"अहो, अहो, हे काय करताय!" डॉक्टरांनी हातातली कपबशी शेजारच्याकडं दिली आणि अण्णांना खांद्याला धरून उठवलं. "माझ्यापेक्षा मोठे दिसता तुम्ही."

"वय कुठलं काढताय डॉक्टर," अण्णा म्हणाले. "माझ्या पोरीचा पाय राखलाय तुम्ही. मिरजेला. एक पैसा घेतला न्हाई."

"असं? कधीची गोष्ट?"

"लई वर्षं झाली. तुम्ही नुकतंच परदेशातनं आला हुता. मी इचलकरंजीत सूतगिरणीत फिटर हुतो."

भोवतीचे तरुण डॉक्टर कौतुकानं बघायला लागले. हिर्लेकर त्यांच्याकडं वळून म्हणाले, "बघा. बाकी सगळं इथंच राहतं. आपली कमाई ती हीच." मग परत अण्णांकडं बघत, "मुलगी बरी आहे ना आता?"

अण्णांनी मान वळवून मला शोधलं. पण तेवढ्यात आतून कुणीतरी डॉक्टरांना बोलवायला आलं, आणि ते उत्तराची वाट न बघता सभागृहाकडं निघून गेले. पांढरे केस, ताठ पाठ, खिशाला परिषदेचा बिल्ला. मला पाहिल्यावर त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. ते मला ओळखत होते, पण डॉक्टर पद्मजा शेटे म्हणून. लोटलीकरांच्या कंपनीत हाडासारखे दाणे बनवणारी बाई. लग्नाआधीचं माझं आडनाव मगदूम, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तीन वर्षांत आमच्या कितीतरी बैठका झाल्या होत्या. माझ्या एका बुटाचा तळ जाड आहे, मी चालताना उजवीकडं झुकते, हे हाडांच्या त्या मोठ्या डॉक्टरांच्या एकदाच लक्षात आलं होतं. "पोलिओ?" त्यांनी विचारलं होतं. "लहानपणचं आहे," मी म्हणाले होते.

"देवमाणूस," अण्णा हात जोडत म्हणाले. "मला आणलंस ते लई बरं केलंस पद्मा."

मी त्यांना शेवटून दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवलं. आमच्या कंपनीचे मालक सदानंद लोटलीकर पुढं बसले होते. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"आज अवघड प्रश्न विचारत बसू नकोस हं," ते हळूच म्हणाले. "सत्कार आहे म्हाताऱ्याचा. पुढच्या महिन्यात आपल्या दाण्यांच्या परवानगीची फाइल त्यांच्याच समितीसमोर आहे."

"एकच विचारणार आहे," मी म्हणाले.

ते हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माणसाच्या हाडात जे खनिज असतं, तेच प्रयोगशाळेत बनवता येतं. चुन्याचं पाणी आणि फॉस्फरसचं आम्ल हळूहळू एकत्र आणलं की दुधासारखा साका तयार होतो. तो गाळायचा, वाळवायचा, त्यात मेणाचे बारीक कण मिसळायचे आणि भट्टीत भाजायचा. मेण जळून जातं, त्याच्या जागी छिद्रं राहतात. पांढरे, खरखरीत, हलके दाणे. हाडात कुठं पोकळी पडली असेल तर तिथं हे दाणे भरायचे. शरीर त्यांना परकं मानत नाही. आजूबाजूचं हाड त्या छिद्रांमध्ये शिरतं आणि घर करतं. काही महिन्यांनी क्ष-किरणांत दाणा कुठला आणि हाड कुठलं ते सांगता येत नाही. नीट बनवला असेल तर. प्रमाण चुकलं, चुना जास्त पडला, तर तोच दाणा काही वेगळंच करतो.

हिर्लेकर बोलायला उभे राहिले. ते सुरेख बोलायचे. या देशात असे दाणे वापरण्याचं धाडस पहिल्यांदा कुणी केलं, परदेशी माल परवडत नसताना आपण आपल्याच हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत भट्टी कशी लावली, ती भट्टी दातांच्या कवळ्या करणाऱ्याकडून कशी मागून आणली. लोक हसत होते, टिपून घेत होते. मग दिवे मंद झाले.

"आणि ही माझी पहिली पेशंट," ते म्हणाले. "संयोजकांनी मुद्दाम आग्रह केला, की पहिल्या केसबद्दल सविस्तर सांगा. सोळा वर्षांची मुलगी. खो-खो खेळणारी."

पडद्यावर नडगीचं हाड आलं. गुडघ्याच्या खाली, हाडाच्या आत, अंड्याएवढा काळा डाग. मी तो फोटो ओळखला. मिरजेच्या त्या खोलीत काचेच्या पेटीवर लावलेला मी पहिल्यांदा पाहिला होता, तेव्हा माझ्या एका बाजूला आई होती आणि दुसऱ्या बाजूला अण्णा.

"त्या पोकळीत आम्ही दाणे भरले. आणि हे दोन वर्षांनंतर."

दुसरा फोटो आला. डाग नाही. पांढरं, भरीव, सरळ हाड. टाळ्या वाजल्या. शेवटून दुसऱ्या रांगेतही कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. माझे वडील.

त्या पायाचं जे झालं ते असं.

मी शाळेच्या संघात होते. खुंटाला वळसा घालताना पडले आणि उठता येईना. हाडात गाठ आहे, कॅन्सर नाही, पण पोकळी खरवडून भरायला हवी, असं हिर्लेकरांनी सांगितलं. "मुलीच्याच कमरेचं थोडं हाड काढू आणि तिथं घालू." अण्णांनी हात जोडले. फी नको म्हटल्यावर तर त्यांना काय करू नि काय नको असं झालं.

ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवसापासून पाय जळायला लागला. ठणकत नव्हता, जळत होता. आत कुणी निखारा ठेवलाय असं वाटायचं. घरी आल्यावर टाके उसवले आणि जखमेतून पाणी यायला लागलं, आणि पाण्याबरोबर पांढरे कण. रव्यासारखे. आईनं पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा ते तिच्या बोटांना चिकटले.

माझी आई सुमती आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाळांना न्हाऊ घालायची. बाळंतपण कुणाच्याही घरी असो, दहा दिवस पाणी घालायला तिलाच बोलावणं यायचं. तिच्या हाताला गुण आहे असं बायका म्हणायच्या. बाळ कितीही रडकं असलं तरी तिच्या पायांवर घेतलं की गप्प व्हायचं. त्या हातांनी ती माझी पट्टी बदलायची. कापड उकळून, उन्हात वाळवून, इस्त्री फिरवून.

तिनंच डॉक्टरांना विचारलं. मला पुन्हा दाखल केलं होतं. वॉर्डात राउंड चालू होता, मागं शिकाऊ डॉक्टर, नर्सा.

"डॉक्टर, कमरेचं हाड काढलं म्हणलासा. मग हिच्या कमरेला टाका कसा न्हाई?"

हिर्लेकर तिच्याकडं वळले. मग त्यांनी तिचा हात मनगटाला धरून वर उचलला आणि सगळ्यांना दाखवला. आईच्या नखांत हळद होती, सकाळी स्वयंपाक करून ती एस.टी.नं आली होती.

"हे बघा," ते म्हणाले. "या हातांनी पट्ट्या बदलतात. आम्ही इथं जीव तोडून हाड बसवायचं आणि यांनी घरी नेऊन ते सडवायचं. बाई, तुमच्या हातांनी मुलीचा पाय घालवलात तुम्ही. ते जे बाहेर पडतंय ना, ते तिचं हाड आहे. तुमच्या घाणीनं कुजलेलं."

त्यांनी हात सोडला तेव्हा तो खाली पडला. आईनं पदरात लपवला.

पुढं वर्षभर जखम वाहत राहिली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पुन्हा पाय उघडून सगळं स्वच्छ केलं तेव्हा कुठं ती भरली. पाय राहिला, पण आखूड झाला. खो-खो संपला. आईनं बाळांना न्हाऊ घालणं सोडलं. बोलवायला आलेल्या बायकांना ती दारातूनच परत पाठवायची. दिवसातून कितीदा तरी धुण्याच्या सोड्यानं हात धुवायची. तळव्यांना भेगा पडल्या, त्यांतून रक्त यायचं, तरी धुवायची. मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, ती धूतच होती. मग तिची मूत्रपिंडं बिघडली आणि ती गेली.

ती गेल्याच्या पुढच्या वर्षी, पीएच.डी.च्या सुरुवातीला, आमच्या सरांनी माझ्या तळहातावर काही पांढरे कण ठेवले. "हे बनवायला शिकायचंय तुला," ते म्हणाले. मी ते बोटांत चुरून पाहिले, आणि आईच्या बोटांना चिकटलेला तो रवा मला आठवला.

सुट्टीत घरी गेले आणि आईची पेटी उघडली. लग्नातल्या शालूखाली बामची एक जुनी बाटली होती. जखमेतून निघालेला एकही कण आईनं टाकला नव्हता. सोडलेल्या पट्ट्यांतून वेचून, धुऊन, वाळवून साठवले होते. तेव्हा एकदा मी तिला त्यावरून ओरडले होते, तर म्हणाली होती, "तुझं हाड हाय ते. पोटच्या पोरीचं हाड उकिरड्यावर कसं टाकू?"

ती बाटली मी प्रयोगशाळेत नेली. त्यातलं थोडं दळून यंत्रात ठेवलं. त्या यंत्रात क्ष-किरण सोडले की पदार्थ कुठला आहे ते कागदावरच्या उंचवट्यांवरून कळतं. हाडाचे उंचवटे बसके, पसरट येतात. भट्टीत भाजलेल्याचे सुईसारखे टोकदार. माझ्या समोर आलेला आलेख टोकदार होता. माझं हाड कधी भट्टीत गेलं नव्हतं. आणि त्या टोकांमध्ये एक टोक असं होतं ज्याचं तिथं काही काम नव्हतं. ते चुन्याचं होतं.

मी ते कुणालाही सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. मी त्याच विषयात राहिले, नोकरी त्याच कामात धरली, परिषदांना जात राहिले. शेवटी या परिषदेच्या संयोजन समितीत आले. वक्त्यांना पत्रं पाठवण्याचं काम मी मागून घेतलं. आपल्या पहिल्या केसबद्दल सविस्तर सांगा, असा हिर्लेकरांना आग्रह करणारी मीच होते.

दिवे लागले. प्रश्नांची वेळ झाली. मी हात वर केला आणि उभी राहिले. लोटलीकरांनी वळून बघितलं.

"सर, ही मुलगी पुन्हा खेळली का?"

"खेळली म्हणजे!" हिर्लेकर हसले. "जिल्ह्याच्या संघात होती नंतर."

"तुम्ही तिला शेवटचं कधी तपासलंत?"

"पाच वर्षं नियमित येत होती. मग लग्न वगैरे झालं असेल."

"भरायला काय वापरताय ते तिच्या घरच्यांना सांगितलं होतं?"

"तेव्हा आजच्यासारखे कागद नसायचे. तोंडी सांगायचो. लोकांचा विश्वास असायचा."

"कमरेचं हाड घालतोय म्हणला हुता तुम्ही."

मागून आवाज आला. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. अण्णा खुर्चीची पाठ धरून उभे होते. ते मघापासून दोन गोष्टी एकमेकींना जोडायला बघत होते, आणि त्या जोडल्या जात नव्हत्या. "माझी पोरगी ती," ते म्हणाले. "ती खेळली न्हाई. परत कवाच खेळली न्हाई."

मी चालत व्यासपीठावर गेले. मुद्दाम सावकाश. एवढी वर्षं मी चालताना लंगडणं लपवायचा प्रयत्न करत आले होते. त्या दिवशी केला नाही. व्यासपीठावर जाऊन मी उजवा बूट काढला आणि साडी गुडघ्यापर्यंत वर धरली. नडगीवर खड्डा आहे, मूठ बसेल एवढा. त्याच्या कडेची कातडी अजून तांबूस, चकचकीत आहे. बुटाशिवाय उभी राहिले की टाच जमिनीला टेकत नाही.

"दोन वर्षांनंतरचा फोटो तुम्ही दाखवलात," मी म्हणाले. "हा आजचा. पद्मा मगदूम. तुमची पहिली पेशंट."

मी संगणकाशी बसलेल्या माणसाला पेन ड्राइव्ह दिला. पडद्यावर दोन आलेख आले, एक वर, एक खाली.

"खालचा माणसाच्या हाडाचा. वरचा माझ्या जखमेतून निघालेल्या कणांचा. सर म्हणाले होते ते माझं हाड आहे. इथं बसलेल्या प्रत्येकाला हे वाचता येतं. मी काही सांगत नाही. वाचा."

त्यांनी वाचलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा लावला. मागं कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "चुना आहे तो," आणि ते दोन शब्द रांगारांगांतून मागं जाताना मला ऐकू येत होते.

"प्रमाण चुकलं होतं," मी म्हणाले. "भाजल्यावर कळीचा चुना मोकळा राहिला. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो कसा उकळतो ते इथं सांगायला नको. ते माझ्या हाडात झालं."

हिर्लेकरांनी टेबलाची कड धरली होती. त्यांचा आवाज आता बदलला. "कुणीतरी सुरुवात करायचीच होती," ते म्हणाले. "आज तुम्ही लोक जे बनवता ते त्या भट्टीवर उभं आहे. आणि पाय कापावा लागला नाही तुझा, हे विसरू नकोस."

"नाही विसरले."

"मग काय हवंय तुला? माझी पदवी? ने."

"एक वाक्य हवंय," मी म्हणाले. "माझ्या आईचा हात तुम्ही वॉर्डात सगळ्यांना दाखवला होता."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते शोधत होते आणि तिथं काहीच नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका पायासाठी कधी आला नव्हता.

"तिचं नाव सुमती मगदूम," मी म्हणाले. "तिच्या हातांमुळं पाय गेला असं तुम्ही म्हणालात. ती ते खरं मानून मेली. माइकवर सांगा, की तिच्या हातांचा दोष नव्हता."

"हे बघ, इतक्या वर्षांनी..."

"सांगा."

लोटलीकर उठून उभे राहिले होते, पण पुढं आले नाहीत. कुणीच आलं नाही. हिर्लेकरांनी माइक हातात घेतला.

"त्या बाईंचा दोष... नसावा."

"नसावा नाही, सर."

त्यांनी एकदा पडद्यावरच्या आलेखांकडं बघितलं.

"नव्हता," ते म्हणाले. "सुमती मगदूम यांच्या हातांचा दोष नव्हता."

मी साडी खाली सोडली आणि बूट घातला. कशाला खोटं बोलू, मला फार बरं वाटलं. लोक म्हणतात सूड घेतल्यावर रितं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. भूक लागली. व्यासपीठावरून उतरताना मी मान वर करून बघितलं, तर सत्काराची शाल तबकात तशीच होती आणि ती कुणी उचलत नव्हतं.

ती पुढंही कुणी उचलली नाही. चौकशी झाली. दुसरा फोटो कुठल्या तरी वेगळ्याच माणसाच्या पायाचा निघाला. आणखी काही लोक पुढं आले, एक खांदा, एक जबडा. हिर्लेकरांनी प्रॅक्टिस बंद केली आणि मुलाकडं परदेशी निघून गेले. आमचं नुकसान व्हायचं ते झालंच. आमच्या फाइलमधले जुने आधार त्यांच्या आकड्यांवर उभे होते, ते सगळे काढून टाकावे लागले. परवानगी अडकली, भट्टी थंड पडली, निम्मी माणसं सोडून गेली.

"मला आधी सांगितलं असतंस तर?" लोटलीकरांनी मला विचारलं.

"तर तुम्ही थांबवलं असतंत."

"थांबवलंच असतं," ते म्हणाले. त्यांनी मला कामावरून काढलं नाही, पण त्यानंतर ते माझ्याशी कामाशिवाय बोलले नाहीत. आम्ही पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं, सशांवरच्या चाचण्यांपासून. आज ते दाणे कितीतरी ऑपरेशनांत वापरतात. प्रत्येक घाण्यातला चुना मी स्वतः तपासते.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी परत येतानाचं.

अण्णांना घेऊन मी गाडीनं इचलकरंजीला निघाले. कात्रज गेलं, खंबाटकी गेली, ते बोलले नाहीत. साताऱ्याच्या पुढं एका हॉटेलवर मी चहा घेतला, त्यांच्यासाठी पण मागवला. त्यांनी कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. गाडीत परत बसल्यावर म्हणाले, "मला कशाला आणलंस?"

"तुम्ही ऐकावं म्हणून."

"घरी येऊन सांगितलं असतंस तरी ऐकलं असतं."

"नसतं ऐकलं, अण्णा. तुम्ही डॉक्टरचंच ऐकता."

ते रस्त्याकडं बघत राहिले. बाजूला उसाचे फड होते, ऊन कलायला लागलं होतं.

वॉर्डातल्या त्या दिवसानंतर अण्णांनी आईला माझ्या पायाला हात लावू दिला नव्हता. पट्टी ते स्वतः बदलायचे, गिरणीतून येऊन, तेलकट हात साबणानं धुऊन. आई दारात उभी राहून बघायची. "तू लांब थांब," ते म्हणायचे. ते तिच्यावर कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही. भांडण झालं तर एवढंच म्हणायचे, "तुझ्या हातानं काय झालंय ते बघितलंय मी." आई लगेच गप्प व्हायची. बाळंतिणींच्या घरची बोलावणी त्यांनीच आधी बंद केली होती. "दुसऱ्याच्या लेकराचं वाटोळं नको," असं शेजारच्या बाईला सांगताना मी त्यांना ऐकलं होतं. मी खाटेवर पडून होते, मला सगळं ऐकू यायचं.

"त्या डॉक्टरासाठी न्हाई आणलंस मला," अण्णा म्हणाले. "माझ्यासाठी आणलंस."

"हो," मी म्हणाले.

"मघाशी पाया पडलो त्याच्या. तू मागंच हुतीस."

"हो."

"थांबवलं न्हाईस."

"नाही."

त्यांनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. मला वाटलं ते चिडतील. मी त्याची तयारी करून ठेवली होती. काय बोलायचं, कुठल्या शब्दांत, सगळं वर्षानुवर्षं घोटलेलं होतं. दारातून परतवलेल्या बायका, भेगाळलेले तळवे, 'तू लांब थांब'. एकेक काढणार होते.

"तुला एक म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

मी गाडीचा वेग कमी केला.

"ती गेली त्याच्या आदल्या दिवशी तू औषध आणाय गेलतीस. आम्ही दोघंच हुतो. तिला नीट बोलवत नव्हतं. मला जवळ बोलावलं खुणंनं. म्हणली, 'खरंच माझ्या हातानं झालं का हो? तुम्ही सांगा. तुम्ही न्हाई म्हणला, तर मी बी न्हाई म्हणीन.'"

समोरून ट्रक येत होता. तो जाईपर्यंत ते थांबले.

"मग?" मी विचारलं.

"मी तिची उशी सारखी केली," अण्णा म्हणाले. "आणि भाईर जाऊन बसलो."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. घोटून ठेवलेल्यातलं एकही वाक्य मला आठवेना. माझ्या यादीत जे होतं ते सगळं त्यांनी केलं होतं, आणि यादीत नव्हतं असंही केलं होतं. ते सांगायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं.

"एवढंच राहिलं हुतं," ते म्हणाले. "झालं आता. तुला काय बोलायचं ते बोल."

त्यांची हनुवटी हलायला लागली. ऐंशीला आलेला माणूस, गिरणीतल्या यंत्रांनी बोटं वाकडी झालेली, ती त्यांनी गुडघ्यांवर पालथी ठेवली होती. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. आता त्यांनी तोंड झाकलं नाही. माझ्याकडं बघितलं, मी त्यांना गप्प करीन का ते बघत असावेत.

"रडा," मी म्हणाले. "रडा, अण्णा."

आणि काच खाली करून मी बसून राहिले.